वीकली-मंथली पिव्हट दोघांचे वेगळे का येतात, आणि चूक शोधायची कशी

लातूर असो, नांदेड असो की जालना, सब-ब्रोकरच्या ऑफिसात महिन्याच्या पहिल्या तारखेला हा वाद ठरलेला असतो. दोघांच्या मोबाईलवर एकच शेअर, एकच इंडिकेटर, पण मंथली पिव्हट, म्हणजे मागच्या महिन्याच्या भावांवरून काढलेली चार्टवरची मधली रेषा, एकाचा ५२० वर आणि दुसऱ्याचा ५१८ वर. दोन रुपयांनी काय होतं, म्हणून तो विषय तिथंच सोडून देतात. पुढच्या महिन्यात फरक दहा रुपयांचा निघतो. मग अ‍ॅप बदललं जातं, इंडिकेटर बदललं जातं, शेवटी कुणीतरी म्हणतं, "डेलीवर पिव्हट चालतो हो, वीकली-मंथलीवर काही खरं नाही."

माझं म्हणणं वेगळं आहे. मोठ्या टाइमफ्रेमवर सूत्र चुकलेलं जवळपास कधीच नसतं. चुकते ती सूत्रात घातलेली कँडल, म्हणजे त्या आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा सगळ्यात वरचा (हाय), सगळ्यात खालचा (लो) आणि बंद (क्लोज) भाव. डेली पिव्हटमध्ये ही चूक लपून जाते, कारण दुसऱ्या दिवशी रेषा नव्याने येतात. मंथलीवर तीच चूक महिनाभर आणि यिअरलीवर वर्षभर चार्टवर बसून राहते, आणि त्या रेषेवर आपण पैसे लावतो. म्हणून अ‍ॅपवर राग काढण्याआधी खाली दिलेल्या क्रमाने तपासा.

सूत्रं आधी डोळ्यासमोर ठेवू. पिव्हट म्हणजे मागच्या पूर्ण झालेल्या आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा हाय, लो आणि क्लोज यांची बेरीज भागिले तीन. आर म्हणजे रेझिस्टन्स, भाव अडण्याची वरची रेषा, आणि एस म्हणजे सपोर्ट, भाव सावरण्याची खालची रेषा. आर१ म्हणजे पिव्हटची दुप्पट वजा लो. एस१ म्हणजे पिव्हटची दुप्पट वजा हाय. आर२ म्हणजे पिव्हट अधिक हाय-लोमधलं अंतर, आणि एस२ म्हणजे पिव्हट वजा तेच अंतर. शिकागोच्या बाजारात आरडाओरडा करून सौदे व्हायचे त्या काळात तिथले व्यापारी ही बेरीज-वजाबाकी कागदावर करत. आजही कागदावर करता येते, आणि चूक शोधायची असेल तर ती कागदावरच करावी.

सगळ्यात आधी 'ऑटो' बंद करा

१५ मिनिटांच्या चार्टवर रेषा एका जागी, तासाच्या चार्टवर दुसरीकडे, डेलीवर तिसरीकडेच, अशी तक्रार असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. ट्रेडिंगव्ह्यू या चार्ट दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या नेहमीच्या पिव्हट इंडिकेटरमध्ये टाइमफ्रेम 'ऑटो'वर असते. चार्ट १५ मिनिटांचा किंवा त्याहून लहान असेल तर ते डेली पिव्हट काढतं, त्याहून मोठ्या इंट्राडे (एका दिवसाच्या आतल्या) चार्टवर वीकली, डेली चार्टवर मंथली आणि वीकली चार्टवर यिअरली. म्हणजे एकाने ३० मिनिटांचा चार्ट उघडला आणि दुसऱ्याने डेली, तर दोघं वेगवेगळ्या पिव्हटबद्दल भांडत असतात. सेटिंगमध्ये जाऊन 'वीकली', 'मंथली' किंवा 'यिअरली' असं स्पष्ट निवडा. उदगीर-अंबाजोगाईकडची नवी मुलं मोबाईलवरच सगळं करतात, त्यांच्यात हे फार दिसतं, कारण लहान स्क्रीनवर सेटिंगचं पान कुणी उघडतच नाही.

इंट्राडे चार्टवर यिअरली पिव्हट लावला आणि रेषा आल्याच नाहीत, डेटा अपुरा असल्याचा निरोप आला, तर तोही बिघाड नव्हे. पाच मिनिटांच्या चार्टमागे वर्षभराचा पाच मिनिटांचा डेटा लोड झालेला नसतो. तिथं 'डेली-बेस्ड व्हॅल्यूज'चा पर्याय चालू करायचा. या पर्यायाकडे पुढे परत यावं लागेल, कारण निम्मे वाद त्याच्यापाशीच सुटतात.

मधली रेषा जुळते का, ते बघा

दोघांचे आकडे शेजारी लिहा. पिव्हटची मधली रेषा जुळते आणि फक्त आर-एस वेगळे आहेत, तर कँडल एकच आहे, प्रकार वेगळा निवडलाय. एकाचं 'ट्रॅडिशनल' असेल, दुसऱ्याचं 'फिबोनाची' किंवा 'कॅमॅरिला'. फिबोनाचीत मागच्या रेंजचा ३८.२ आणि ६१.८ टक्के भाग पिव्हटच्या वरखाली मांडतात. कॅमॅरिलात रेषा क्लोजच्या आसपास दाट येतात. आर१, आर२ जुळतात आणि फक्त आर३ जुळत नाही, असं असेल तर एकाचं 'ट्रॅडिशनल' आणि दुसऱ्याचं 'क्लासिक' आहे. हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात, पण तिसऱ्या रेषेचं सूत्र वेगळं आहे. 'वूडी' आणि 'डीएम' या प्रकारांत मात्र मधली रेषासुद्धा वेगळी येते, तेवढे दोन अपवाद लक्षात ठेवा.

आपल्याकडे सीपीआर (सेंट्रल पिव्हट रेंज, म्हणजे पिव्हट आणि त्याच्या वरखालची एकेक रेषा) वापरणारे पुष्कळ आहेत. त्यातली मधली रेषा हाच साधा पिव्हट असतो, म्हणून तुलना फक्त त्या मधल्या रेषेशी करा, वरच्या-खालच्या रेषांशी नको.

मधली रेषाच जुळत नसेल तर

इथं खरं काम सुरू होतं. हाय, लो, क्लोज या तिघांपैकी नेमका कोण वेगळा आहे, हे पिव्हट, आर१ आणि एस१ या तीन आकड्यांवरून कळतं. मूळ डेटा उघडायचीही गरज पडत नाही.

समजायला सोपे आकडे घेऊ. एका शेअरचा महिन्याचा हाय ५४८, लो ४८८, क्लोज ५२४. बेरीज १५६०, पिव्हट ५२०. आर१ येतो ५५२, एस१ येतो ४९२. आता मित्राच्या चार्टवर पिव्हट ५१८, आर१ ५४८, एस१ ४८८ दिसतोय. पिव्हट दोनने खाली आहे, आर१ चारने खाली, एस१ही चारने खाली. दोन्ही बाजूच्या रेषा एकाच दिशेने आणि पिव्हटच्या दुप्पट सरकल्या, तर फरक क्लोजमध्ये आहे. किती? पिव्हटच्या फरकाच्या तिप्पट, म्हणजे सहा रुपये. मित्राच्या चार्टने क्लोज ५१८ धरलाय.

दुसरा प्रसंग. मित्राकडे पिव्हट ५२२, आर१ ५५६, एस१ ४९०. पिव्हट दोनने वर, आर१ चारने वर, पण एस१ दोनने खाली. एस१ उलट्या दिशेने गेला की फरक हायमध्ये समजायचा. इथं त्याने हाय ५५४ धरलाय. तसंच पिव्हट आणि एस१ एका बाजूला आणि आर१ उलट्या बाजूला गेला, तर फरक लोमध्ये. यात गूढ काही नाही. आर१च्या सूत्रात लो वजा होतो आणि एस१च्या सूत्रात हाय वजा होतो, म्हणून ज्याच्यात गडबड असेल त्याची रेषा उलटी फिरते. तिन्ही फरक कुठल्याच साच्यात बसत नसतील तर दोन-तीन आकडे एकदमच वेगळे आहेत. म्हणजे दोघांनी महिनाच वेगळा धरलाय, किंवा वायद्याची दोन वेगवेगळी काँट्रॅक्ट उघडली आहेत.

हे एकदा हाताने करून बघा. त्यानंतर वाद घालायला कुणी बसत नाही, सरळ कारण शोधायला लागतो.

फरक क्लोजमध्ये निघाला तर

आपल्याकडे शेअरचा अधिकृत बंद भाव म्हणजे साडेतीनला झालेला शेवटचा सौदा नव्हे. एनएसईवर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची वजनी सरासरी काढून क्लोज ठरवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. निफ्टीचा क्लोजही त्यातल्या शेअर्सच्या अशाच क्लोजवरून निघतो. म्हणून साडेतीनला स्क्रीनवर एक आकडा दिसतो आणि थोड्या वेळाने दुसरा. डेली चार्टवर हा अधिकृत क्लोज येतो. पाच मिनिटांच्या चार्टवरची शेवटची कँडल मात्र शेवटच्या सौद्यावर संपते.

आता 'डेली-बेस्ड व्हॅल्यूज' काय करतं ते कळेल. ते चालू असेल तर पिव्हट डेली डेटावरून निघतो, बंद असेल तर तुमच्या समोरच्या इंट्राडे चार्टवरून. एकाचं चालू, दुसऱ्याचं बंद, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या मिनिटांत भाव हलला असेल तेवढा फरक पडणारच. महिनाअखेरीला फंडांची खरेदी-विक्री शेवटच्या अर्ध्या तासात होते, तेव्हा हा फरक मोठा असतो. वीकली आणि त्याहून मोठ्या पिव्हटसाठी हा पर्याय चालूच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. अधिकृत क्लोज सगळ्यांना एकच दिसतो, आणि ज्या रेषेकडे जास्त लोक बघतात त्याच रेषेला थोडाफार अर्थ असतो.

फरक हाय किंवा लोमध्ये निघाला तर

दोन कारणं. पहिलं, खोटी सुई. इंट्राडे फीडमध्ये एखादा चुकीचा टिक (एका सौद्याचा भाव) येतो, तेवढ्या एका कँडलला लांब वात फुटते, आणि ती महिन्याचा हाय म्हणून धरली जाते. डेली चार्ट उघडून त्या दिवसाचा हाय बघितला की खोटेपणा लगेच दिसतो. नेट मध्येच गेलं असेल तर याच्या उलट होतं, खरा हाय चार्टवर येतच नाही. चार्ट पुन्हा लोड केला की बहुधा भरून निघतो.

दुसरं कारण जास्त महागात पडतं, ते म्हणजे बोनस, स्प्लिट आणि डीमर्जर. जानेवारीत वर्षाच्या लेव्हल वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून ठेवणारे चांगली सवय पाळतात, पण ऑगस्ट २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेने एकास एक बोनस दिला तेव्हा भाव निम्म्यावर आला आणि वहीतल्या सगळ्या रेषा एका दिवसात निरुपयोगी झाल्या. चार्ट मागचे भाव आपोआप निम्मे करून घेतो, वही घेत नाही. जुन्या लेव्हल तशाच निम्म्या केल्या की बोनसपुरतं काम भागतं.

डीमर्जरचं तसं नाही. टाटा मोटर्सचा व्यावसायिक वाहनांचा धंदा ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळा झाला. भाव खाली आला तो पडझडीने नाही, धंद्याचा एक तुकडा वेगळ्या शेअरमध्ये गेला म्हणून. असा बदल झाल्यावर मागचे भाव सगळे चार्ट एकाच रीतीने जुळवून घेत नाहीत. ज्या चार्टवर जुळवलेले नाहीत, तिथं त्या वर्षाच्या कँडलमध्ये वरचा हाय एका कंपनीचा आणि खालचा क्लोज दुसऱ्याच आकाराच्या कंपनीचा असतो. त्या शेअरवर डीमर्जरनंतरचे पुरेसे महिने जमा होईपर्यंत यिअरली पिव्हट लावूच नका. मंथली पुरे.

आठवडा कुठं संपला?

ही अडचण सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे, म्हणून एक खरं उदाहरण देतो. १ फेब्रुवारी २०२० ला शनिवार होता आणि बजेट होतं, म्हणून बाजार चालू ठेवला होता. निफ्टी शुक्रवारी ११,९६२.१० वर बंद झाला होता. शनिवारी ११,६६१.८५ वर बंद झाला, म्हणजे तीनशे पॉइंटांची घसरण. ज्याने सवयीप्रमाणे सोमवार ते शुक्रवार धरून पुढच्या आठवड्याचा पिव्हट काढला, त्याचा क्लोज तीनशेने चुकला, म्हणजे नुसत्या क्लोजमुळे पिव्हट शंभर पॉइंट वर राहिला. शनिवारचा लो खाली गेला होता तोही त्याने धरला नाही, तेव्हा खरा फरक शंभराहून जास्तच.

त्याच दिवसाची दुसरी बाजू बघा. मंथली पिव्हटसाठी जानेवारी महिना शुक्रवारी, ३१ तारखेला ११,९६२.१० वर संपला. शनिवार फेब्रुवारीत गेला. म्हणजे वीकलीत तो दिवस मागच्या कँडलचा शेवट, आणि मंथलीत पुढच्या कँडलची सुरुवात. एकच दिवस दोन जागी बसतो आणि दोन्ही बरोबर. १ फेब्रुवारी २०२५ लाही बजेट शनिवारीच होतं आणि बाजार चालू होता. दिवाळीत मुहूर्ताचा तासाभराचा सौदा होतो, तोही त्या आठवड्याच्या कँडलमध्ये मोजला जातो. एक्सेलमध्ये 'शुक्रवार' असं पक्कं लिहून ठेवलेलं सूत्र असेल तर ते काढून 'आठवड्यातला शेवटचा ट्रेडिंग दिवस' असं करा.

ऑप्शनवाल्यांसाठी आणखी एक. निफ्टीची वीकली एक्सपायरी (काँट्रॅक्ट संपण्याचा दिवस) सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी आली. काही जण एक्सपायरी ते एक्सपायरी असा आठवडा धरून पिव्हट काढतात. त्यात गैर काही नाही, पण तो हिशोब पूर्वी गुरुवारवर बेतलेला होता, आणि जुनी शीट तशीच चालू असेल तर ती आता कुठल्याच आठवड्याचा पिव्हट देत नाही. चार्टवरचा वीकली पिव्हट कॅलेंडरचा आठवडाच धरतो. दोन्ही पद्धती एकत्र कालवू नका, एक धरा.

आणि रेषा रोज थोडी थोडी सरकत असेल, तर शीटमध्ये चालू महिन्याचीच कँडल घातली गेली आहे. पिव्हट पूर्ण झालेल्या कँडलचाच काढायचा, म्हणजे तो महिनाभर जागचा हलत नाही. हलतोय म्हटल्यावर दुसरं कारण शोधूच नका. स्वतः लिहिलेल्या किंवा कुणाकडून घेतलेल्या कोडमध्ये हा दोष असेल तर मागच्या चार्टवर सगळं अचूक चाललेलं दिसतं, कारण महिना कुठं वळणार हे त्या रेषेला आधीच माहीत असतं. अशा कोडवर एक रुपयाही लावू नका.

हळद, सोनं आणि सतत जोडलेला चार्ट

वसमत-हिंगोलीकडचे हळदवाले एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातल्या हळदीचा मंथली पिव्हट विचारतात. तिथं अडचण काँट्रॅक्टची आहे. हळदीचं काँट्रॅक्ट २० तारखेला संपतं, महिनाअखेरीला नाही. सतत जोडलेल्या चार्टवर २० तारखेपर्यंत एक काँट्रॅक्ट आणि पुढे दुसरं. दोघांच्या भावात साठवणुकीचा खर्च असतो, आणि नवं पीक मध्ये येत असेल तर फरक आणखी मोठा. मग महिन्याच्या कँडलचा हाय एका काँट्रॅक्टचा, क्लोज दुसऱ्याचा. त्या तिघांची सरासरी कुणाच्याच भावाची नसते. ज्या काँट्रॅक्टमध्ये सौदा करायचा, त्याच काँट्रॅक्टचा चार्ट उघडा आणि त्याचेच हाय-लो-क्लोज हाताने घ्या. आणि तो भाव निजामाबादच्या मालावर बेतलेला आहे, वसमतच्या मोंढ्यातला दर त्याच्या वरखाली असू शकतो, हे डोक्यात असू द्या.

सोन्याचं थोडक्यात. जागतिक स्पॉट (हजर) सोन्याचा आठवडा न्यूयॉर्कच्या वेळेनुसार संपतो, एमसीएक्सचा, म्हणजे आपल्याकडच्या सोन्याच्या वायदे बाजाराचा, आपल्या वेळेनुसार. त्यात रुपया-डॉलर आणि आयात शुल्क आलंच. डॉलरमधला पिव्हट रुपयांत बदलून एमसीएक्सवर लावू नका.

सोयाबीनचा मंथली पिव्हट

हा प्रश्न लातूर भागात सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागची तळमळ मला कळते. घरात पन्नास-साठ क्विंटल माल पडून आहे, विकायचा की थांबायचं, हे ठरवायला एखादी रेषा तरी मिळावी असं वाटणारच. पण वायदा नाही. सेबीने २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभरा यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि त्यानंतर ही मुदत वाढवत नेली. जुना चार्ट उघडला तर रेषा त्या काळातच थांबलेल्या दिसतात.

मग काही जण बाजार समितीच्या दरपत्रकातून पिव्हट काढतात. किमान दर हा लो, कमाल दर हा हाय, सर्वसाधारण दर हा क्लोज. दिसायला तिन्ही रकाने तयारच आहेत. पण ते रकाने वेगळी गोष्ट सांगतात. शेअरचा हाय आणि लो हे एकाच मालाचे, वेगवेगळ्या वेळचे भाव असतात. मोंढ्यातला किमान आणि कमाल दर हे एकाच दिवशी, वेगवेगळ्या मालाला मिळालेले भाव असतात. पावसात भिजलेला, डागी, ओलावा जास्त असलेला माल किमान दराने जातो. वाळलेला, स्वच्छ, १२ टक्क्यांच्या आत ओलावा असलेला माल कमाल दराने. ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस आला की किमान दर एकदम खाली जातो, चांगल्या मालाचा दर मात्र तिथंच असतो. त्या 'लो'वरून काढलेला एस१ म्हणजे भिजलेल्या मालाची बातमी आहे, बाजाराचा आधार नव्हे.

तरीही कुणाला नोंद ठेवायचीच असेल तर एवढं करा. एकाच बाजार समितीचा, रोजचा फक्त सर्वसाधारण दर घ्या. महिन्यातला त्याचा सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा आकडा लिहा. शेजारी आवक लिहा. त्यातून मागच्या महिन्याचा मध्य कळतो आणि आजचा दर त्याच्या वर आहे की खाली, ते दिसतं. आर१-एस१ काढू नका. स्क्रीनवरच्या लेव्हलला वजन येतं ते तिथं हजारो लोकांनी ऑर्डर आणि स्टॉप (तोटा थांबवण्याचे भाव) लावलेले असतात म्हणून. मोंढ्यात तसं काही नसतं. तिथला दर आवक, तेल कारखान्यांची मागणी आणि सरकारी खरेदी यांनी हलतो. माल विकण्याचा निर्णय रेषेवर सोडू नका.

कँडल बरोबर आहे, तरी भाव रेषेला मानत नाही

आता दुसरी तक्रार. सगळं जुळलं, तरी यिअरली पिव्हट काही कामाचा दिसत नाही. इथं आधी बघायचं ते मागची कँडल किती लांब होती.

२०२० साली निफ्टीचा लो ७,५११.१० होता, तो २४ मार्चचा. हाय १४,०२४.८५, तो ३१ डिसेंबरचा. क्लोज १३,९८१.७५. साडेसहा हजार पॉइंटांची कँडल. त्यावरून २०२१ चा पिव्हट ११,८३९ येतो, एस१ ९,६५४, आर१ १६,१६७, आर२ १८,३५३. वर्ष सुरू झालं तेच पिव्हटच्या दोन हजारांहून जास्त पॉइंट वर. वर्षभरातला सगळ्यात खालचा भाव १३,५९६.७५. म्हणजे बारा महिन्यांत निफ्टी पिव्हटच्या जवळही आला नाही. 'पिव्हटला आला की घेऊ' म्हणून थांबलेला माणूस वर्षभर थांबूनच राहिला असता.

पुढचं वर्ष बघा. २०२१ चा हाय १८,६०४.४५, लो १३,५९६.७५, क्लोज १७,३५४.०५. त्यावरून २०२२ चा पिव्हट १६,५१८, एस१ १४,४३२, आर१ १९,४४०. २०२२ मध्ये निफ्टी १५,१८३.४० ते १८,८८७.६० या पट्ट्यात राहिला, म्हणजे पूर्ण वर्ष एस१ आणि आर१च्या आत, पिव्हटच्या वरखाली होत. तेच सूत्र, तोच निर्देशांक. फरक मागच्या कँडलचा आणि तिचा क्लोज कुठं होता याचा. २०२० चा क्लोज हायला चिकटलेला होता, म्हणून पिव्हट खोल खाली राहिला. अशा वर्षी यिअरली पिव्हट बाजूला ठेवून मंथलीवर काम करावं. खालचे सपोर्ट तर विसरूनच जावेत.

उलटही होतं. सुट्ट्यांमुळे आठवडा तीन दिवसांचा झाला, कँडल आखूड पडली, की पुढच्या आठवड्याच्या रेषा एकमेकींना चिकटून येतात. मग सोमवारीच भाव आर३ ओलांडतो आणि 'रेझिस्टन्स तुटला' म्हणून लोक उड्या मारतात. तिथं तुटण्यासारखं काही नव्हतंच. आखूड कँडलच्या पुढच्या आठवड्यात वीकलीऐवजी मंथली रेषा बघा.

दुसरी सवय म्हणजे रेषा तुटली हे कशावरून ठरवायचं. २०२१ चा आर२, १८,३५३, आठवा. १८ ऑक्टोबरला निफ्टी १८,४७७.०५ वर बंद झाला, १९ ला १८,४१८.७५ वर. डेली बघणाऱ्याला आर२ सलग दोन दिवस तुटलेला दिसला. पण त्याआधीचा आठवडा १८,३३८.५५ वर संपला होता आणि तो आठवडा १८,११४.९० वर संपला. आठवड्याच्या क्लोजवर आर२ तुटलाच नाही, आणि ऑक्टोबर महिना १७,६७१.६५ वर बंद झाला. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. पण वर्षाच्या रेषेचा निकाल दिवसाच्या क्लोजवर लावणं बरोबर नाही, एवढं यातून दिसतं. यिअरली रेषेसाठी आठवड्याचा क्लोज बघावा, आणि थांबता येत असेल तर महिन्याचा.

शेवटची अडचण पैशांची आहे. मंथली पिव्हटवर घेतलं तर स्टॉप एस१च्या खाली जातो, आणि ते अंतर डेलीच्या कितीतरी पट असतं. फ्युचरमध्ये हे अंतर लॉटने (एका काँट्रॅक्टमधल्या शेअरच्या संख्येने) गुणून आधी कागदावर लिहा. आलेला आकडा सोसण्यासारखा नसेल तर लोक स्टॉप जवळ ओढतात, म्हणजे सौदा मंथलीचा आणि स्टॉप डेलीचा. मग भाव रोजच्या हालचालीत स्टॉप घेऊन जातो, नंतर पिव्हटवरून वळतो, आणि दोष पिव्हटला लागतो. सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांचा तोटाच झाला. त्यात आपल्या भागातली किती घरं असतील, याचा विचार करून मला झोप लागत नाही. मोठ्या टाइमफ्रेमच्या रेषा वापरायच्या असतील तर कॅशमध्ये (पूर्ण पैसे देऊन), कमी शेअर घेऊन वापरा. स्टॉप जिथं असायला हवा तिथंच राहू द्या आणि शेअरची संख्या त्याप्रमाणे कमी करा. स्टॉपपर्यंतचं अंतर ३० रुपये आणि तोटा सोसायची तयारी ३,००० ची, तर १०० शेअर. त्याहून एकही जास्त घेऊ नका.